कानसताईचा परवाना

खरं सांगायचं तर कानसताईविषयी मला फार थोडं माहीत होतं. चौदा वर्षं मी तिच्याकडे जात होतो, वर्षातून चार-पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी तास-दीड तास तिच्यासमोर स्टुलावर बसलो असेन. पण तिचं माहेर कुठलं, तिला गाण्याची आवड होती का, तिची मुलं काय करतात, यातलं एकही मला धड सांगता येणार नाही. ती माझ्या पायाशी बोलायची, मी छताकडे बघायचो. ओळख म्हणायची ती एवढीच.

तिला जाऊन आता वर्ष होईल. कार्यशाळेतल्या मंडळींनी तिच्यावर काही लिहून ठेवायचं ठरवलं आणि ते काम माझ्या गळ्यात मारलं. मला दोन ओळींचा अर्ज लिहायला तीन कागद लागतात, हे मी सांगून पाहिलं. "काका, तुम्ही सगळ्यात जुने," एवढंच उत्तर आलं. म्हणून मी फक्त एका पंधरवड्याबद्दल लिहितो. तिनं परवाना निवडला तो पंधरवडा. तो मला नीट ठाऊक आहे, कारण त्यातला बराचसा त्रास मीच दिलेला आहे. तिच्या घरात जे झालं ते तिच्या दिरानं मागाहून सांगितलं.

ती कृत्रिम पाय बनवायची. रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईघराच्या शेजारी लांबट खोली. एका भिंतीला भट्टी, दुसऱ्या भिंतीला प्लास्टरचे पांढरे पाय ओळीनं टांगलेले, प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर. गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसाचा जो भाग उरतो तो प्लास्टिकच्या एका खोळीत बसवावा लागतो. तिला सॉकेट म्हणतात. आधी उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, मग तो कानसीनं घासून दुरुस्त करायचा, आणि त्यावर तापवलेलं प्लास्टिक ओढून सॉकेट काढायचं. सगळं मर्म त्या घासण्यात. गुडघ्याच्या वाटीखालचा भाग वजन सोसतो, तिथं प्लास्टर कमी करायचं. बाहेरच्या बाजूला एक बारीक हाड टोकासारखं पुढं आलेलं असतं, ते काही सोसत नाही. तिथं उलट प्लास्टर वाढवायचं, म्हणजे सॉकेटमध्ये जागा राहते. बाईच्या हातात दिवसभर कानस असे, म्हणून सगळे तिला कानसताई म्हणायचे. ती स्वतःही फोनवर "हां, कानसताई बोलतेय" असंच म्हणायची.

मध्ये काही वर्षं तिथं एका कंपनीचं मशीन होतं. मापं भरली की ते प्लास्टर आपोआप कोरून द्यायचं. मोठे साहेब, म्हणजे कार्यशाळेचे प्रमुख, त्यावर फार खूश होते. त्या मशीननं एका टपालवाल्याचा साचा कोरला आणि त्यावर काढलेलं सॉकेट त्या बारीक हाडावर दाबायला लागलं. कानसताईनं मापं तपासली, ती बरोबर होती. म्हणजे चूक प्रोग्रॅमच्या आत कुठंतरी होती. पण तो बंद होता, आत बघायची सोय नव्हती. तिनं कंपनीला लिहिलं. उत्तर यायला अकरा आठवडे लागले. तोवर टपालवाल्याला जखम झाली, ती चिघळली, आणि बरी झाल्यावर त्याला पायी वाटपाचं काम परत मिळालं नाही. तिकिटांच्या खिडकीमागं बसवलं. तो पुढं कार्यशाळेत आला की कानसताई त्याच्या डोळ्याला डोळा भिडवत नसे, असं मी पाहिलंय. चूक तिची नव्हती. पण ते मशीन बिघडल्यावर तिनं दुरुस्तीचा अर्ज केला नाही, ते मी ऐकलंय.

त्यानंतर तिनं स्वतःच हिशेब लिहायला घेतला. घरी दीर होता, एका ऑफिसात प्रोग्रॅम लिहिण्याचं काम करणारा. त्याच्याकडून ती शिकली. कुठं किती घासायचं आणि कुठं किती वाढवायचं हे तिच्या हाताला जे ठाऊक होतं ते तिनं एकेक करून आकड्यांत उतरवलं. संगणकाच्या भाषेत अशा तुकड्याला लायब्ररी म्हणतात, हे मला तिनंच सांगितलं. तो एकटा वापरायचा नसतो. दुसऱ्या कुणाच्या प्रोग्रॅमनं तो उचलून आपल्यात बसवायचा असतो. तिच्याकडे मशीन नव्हतं, म्हणून ती आकार कागदावर छापायची, त्यावरून पुठ्ठ्याची कडी कापायची, आणि कडं प्लास्टरवर नीट सरकेपर्यंत घासत राहायची.

त्यात तीन जणांची भर पडली. आकार गुळगुळीत करायचा भाग दिरानं लिहिला. डोंगरापलीकडच्या रुग्णालयात एक तंत्रज्ञ बाई होती, तिनं लहान मुलांच्या पायांचा भाग लिहिला. आणि तिसरा मी.

मी काही लिहिलं नाही. मी निवृत्त आरेखक. नकाशे काढायचो, मोजायची सवय, आणि एक पाय गुडघ्याखाली गेलेला. उरलेला पाय सकाळी जाड असतो आणि संध्याकाळपर्यंत आकसतो, मग सॉकेट सैल होतं आणि आत एखादा जास्तीचा मोजा चढवावा लागतो. किती आकसतो, असं कानसताईनं एकदा सहज विचारलं. मी वही सुरू केली. रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सात, दोन ठिकाणचा घेर, चारशे बारा दिवस. तिनं ती वही बघितली तेव्हा ती खाली बसलीच. "काका, एवढं कुणीच मोजलेलं नाही हो," म्हणाली. त्या आकड्यांवरून तिनं संध्याकाळच्या सैलपणाचा हिशेब बांधला.

आता जे सांगायचं ते इथंच सांगतो. त्या चारशे बारातले तेवीस दिवस मी मोजलेच नव्हते. तापानं पडलो होतो. उठल्यावर वहीत मोकळ्या रांगा दिसल्या आणि मला लाज वाटली. मागचे-पुढचे आकडे बघून मधले भरले. प्रत्येकापुढं पेन्सिलीनं एक बारीक टिंब केलं, इतकं बारीक की माझ्याशिवाय कुणाला दिसू नये. आणि वही दिली.

तर लायब्ररी तयार झाली आणि तिनं ती सगळ्यांसाठी खुली ठेवून दिली. वर एक ओळ लिहिली: "घ्या, वापरा, बसवल्यावर कसं बसलं ते कळवा." पुठ्ठ्याचं कडं शेजारच्या कार्यशाळेला द्यावं तशीच तिनं ती दिली. सात ठिकाणी ती वापरात आली.

त्या पंधरवड्याची सुरुवात दोन पत्रांनी झाली, एकाच दिवशी.

पहिलं त्याच कंपनीचं. त्यांचा प्रतिनिधी स्वतः घेऊन आला. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला, प्लास्टरच्या धुळीत कुठं टेकायचं ते न कळून उभाच राहिलेला. त्यांच्या नव्या प्रोग्रॅममध्ये कंपनीला तिची लायब्ररी बसवायची होती. चाळीस कार्यशाळांत ती एकदम पोचणार होती. कार्यशाळेला नवं मशीन भेट मिळणार होतं. "फक्त तुमचा परवाना कुठला ते सापडलं नाही," तो म्हणाला. "अगदी मोकळा परवाना लावून द्या. वापरा, बदला, काहीही करा, अट नाही, असा. महिनाअखेर, संध्याकाळी पाचपर्यंत. त्या दिवशी आमचा प्रोग्रॅम पक्का होतो, मग त्यात भर नाही."

"परवाना म्हणजे? मी लिहिलंय की, घ्या म्हणून," कानसताई म्हणाली.

"ताई, ते प्रेमानं लिहिलंय. आमच्या वकिलांना ते चालत नाही."

ती हसली. दुसरं पत्र वाचून हसू गेलं. ते डोंगरापलीकडून होतं. तिथल्या रुग्णालयाच्या कायदा विभागानं लायब्ररी तपासली होती. ज्या वस्तूवर परवाना नाही, ती कुणी कितीही खुली ठेवली तरी वापरायचा हक्क कुणाला मिळत नाही. तो हक्क ज्यानं-ज्यानं लिहिलं त्याच्याकडेच राहतो. एक तारखेपर्यंत रीतसर परवाना आणि त्यावर सगळ्या लिहिणाऱ्यांची संमती आली नाही, तर तिथं ती वापरणं बंद. त्या महिन्यात त्या बाईकडे अकरा माणसं पायासाठी रांगेत होती. त्यातली चार मुलं.

म्हणजे इतकी वर्षं तिनं जे सगळ्यांना दिलं असं समजली होती, ते कायद्याच्या नजरेत तिनं कुणालाच दिलं नव्हतं. मोठे साहेब सांगतात, ती पत्र हातात घेऊन भट्टीसमोर उभी राहिली आणि आतलं प्लास्टिक वितळून लोंबायला लागलं तरी तिला कळलं नाही.

साहेबांचं मत सरळ होतं. "लावून टाक तो मोकळा परवाना. एका दगडात सगळं. त्यांचं काम होतंय, डोंगरापलीकडचं होतंय, आपल्याला मशीन येतंय. तू घरी बसून लिहिलेलं आहेस, रुग्णालयाचा त्यावर काही हक्क नाही, असं पत्र मी केव्हाच दिलंय. मग अडतंय कुठं?"

"टपालवाल्यापाशी अडतंय," ती म्हणाली.

मोकळा परवाना लावला की कंपनी लायब्ररी घेणार, त्यात बदल करणार, आणि पुन्हा बंद करून विकणार. ते करायला त्यांना कुणाची ना नव्हती. मग उद्या तिचाच हिशेब कुणाच्या पायाला दाबायला लागला, आणि तो कुणी कसा बदललाय हे बघायला तिलाच दार बंद, असं होऊ शकत होतं. पुन्हा अकरा आठवडे, आणि या खेपेला तिच्या स्वतःच्या आकड्यांमुळे.

तिनं परवाने छापून आणले. दुपारच्या सुट्टीत ती डबा बाजूला ठेवून ते वाचत बसायची, पानांवर प्लास्टरचे ठसे. त्यातला एक प्रकार तिला पटला. त्याला कॉपीलेफ्ट म्हणतात. घ्या, वापरा, बदला, पुढं द्या. पण पुढं देताना तुमचे बदलही याच अटीवर, उघडे ठेवून द्या. तुम्हाला जे उघडं मिळालं ते तुमच्या हातून पुढच्याला बंद मिळता कामा नये. त्यातही दोन जाती होत्या. कडक जातीत, लायब्ररी ज्या प्रोग्रॅममध्ये बसवाल तो अख्खा प्रोग्रॅमच उघडा करावा लागतो. सौम्य जात खास लायब्ररीसाठी: तुमचा प्रोग्रॅम तुम्ही बंद ठेवा, पण लायब्ररीत केलेले बदल उघडे करा, आणि वापरणाऱ्याला वाटलं तर तिच्या जागी दुरुस्त केलेली लायब्ररी बसवता आली पाहिजे.

ती रागात होती. तिनं कडक निवडला.

आणि त्याच संध्याकाळी आम्हा तिघांना संमतीचं पत्र गेलं. माझ्या आकड्यांना कायद्यानं विचारावं लागतं की नाही, यावर म्हणे दोन मतं आहेत. तिचं एकच होतं. "काका, आकडे तुमचे आहेत. तुमचं नाव राहील. हो की नाही ते तुम्ही सांगा, मी फोन करून मागं लागणार नाही. कारण मागं लागून घेतलेली संमती मला नको."

मी ते पत्र दोनदा वाचलं. नाव राहील. आकडे कायम सगळ्यांसमोर राहतील, आणि त्यात माझे ते तेवीस. मी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं. पुन्हा घेतलं. "हो" लिहावं तर खोट्यावर सही होते. "नाही" लिहावं तर संध्याकाळच्या सैलपणाचा अख्खा हिशेब तिला काढून टाकावा लागतो. कबूल करावं तर तिच्यासमोर स्टुलावर पुन्हा कुठल्या तोंडानं बसायचं? मी काहीच केलं नाही. त्यात मी तरबेज आहे.

तिच्या घरी वेगळंच पेटलं होतं. दिरानं पत्र ताटावर बसूनच वाचलं.

"वहिनी, कडक? शुद्धीवर आहात ना?"

"का हो भावजी, तुमच्या पोटात का दुखतंय?"

"आमच्या ऑफिसात कडक परवाना दिसला की लोक ती वस्तू चिमट्यानं उचलून बाहेर ठेवतात. कंपनी हात लावणार नाही. माझं लिहिलेलं कुणी वापरलंच नाही, तर ते उघडं असून काय आरती ओवाळायची त्याची?"

"आणि वापरून बंद केलं तर?"

"तर निदान चाळीस ठिकाणी पोचेल तरी! तुम्ही एका टपालवाल्यासाठी चाळीस कार्यशाळा उपाशी ठेवताय."

तिचा नवरा गरीब माणूस, शाळेच्या प्रयोगशाळेत काचसामान सांभाळायचा. तो म्हणाला, "अरे, दुकान उघडं टाकून ही आता कुलूप शोधतेय, असं वाटतंय का तुला? तिला कुलूप नकोय. दार कुणी आतून लावून घेऊ नये, एवढंच."

"दादा, तू काचा पूस," दीर म्हणाला. मग ताटावरून उठला. "मला कडक मान्य नाही. माझा भाग काढून टाका."

"काढते," कानसताई म्हणाली.

आणि खरंच काढला. चार दिवस वहिनी-दीर एका घरात राहून बोलत नव्हते. चहाचा कपसुद्धा नवऱ्याच्या हातून जायचा. ती रोज पहाटे उठून गुळगुळीत करायचा भाग नव्यानं लिहीत होती, दिराचं लिहिलेलं न बघता, कारण बघून लिहिलं तर ते पुन्हा त्याचंच. तिला ते जमत नव्हतं. तिचा आकार मध्येच खडबडीत यायचा. तसं सॉकेट कुणाच्या पायात घातलं असतं तर कातडी सोलून निघाली असती. महिनाअखेरीला सहा दिवस उरले होते.

तेव्हा डोंगरापलीकडून फोन आला. ती बाई म्हणाली, "माझी संमती आहे, कडक असो की सौम्य. पण एक सांगते, रागावू नकोस. माझ्याकडे मशीन कंपनीचंच आहे. प्रोग्रॅम त्यांचाच. आज मी तुझे आकडे कागदावर घेऊन हातानं घासते, एका पायाला दोन दिवस जातात. कडक लावलास तर कंपनी ते कधीच घेणार नाही, आणि मी मरेपर्यंत घासत बसेन."

"मग मोकळा लावू?"

"मोकळा नको गं. मला त्यांचं मशीन उघडायचं नाहीये. मला फक्त हाडापाशी काय चाललंय ते दिसायला पाहिजे. आणि चुकलं तर बदलता आलं पाहिजे."

कानसताईनं फोन ठेवला आणि बराच वेळ समोरचा साचा घासत राहिली, असं साहेब सांगतात. घासता घासता थांबली आणि म्हणाली, "मी सगळीकडूनच घासत सुटले होते. जागा ठेवायची तिथंसुद्धा." साहेबांना कळलं नाही. ती घरी गेली आणि दिराच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"भावजी, सौम्य."

"म्हणजे?"

"त्यांचा प्रोग्रॅम त्यांच्यापाशी. माझी लायब्ररी उघडी, त्यातले बदल उघडे. यापेक्षा खाली मी येणार नाही."

दिरानं खुर्ची वळवली. "यालाही कंपनी नाही म्हणू शकते, वहिनी."

"म्हणू दे. तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार? तुमचा नवा गुळगुळीत भाग बघितला मी. चोरून. वाळूचा कागद झालाय तो." आणि संमती लिहून मोकळा झाला. जेवताना म्हणे दोघं इतकं बोलत होते की नवऱ्यानं ताट उचलून दुसऱ्या खोलीत नेलं.

आता राहिलो मी. तिनं आम्हाला नवं पत्र पाठवलं, परवाना बदलल्याचं. त्याखाली माझ्यासाठी एक ओळ जास्तीची: "काका, काही कळलं नसेल तर विचारा." मी तेही वाचून ठेवून दिलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी अडीचला माझी तिच्याकडे वेळ होती. पट्टा झिजला होता. मी जायचं टाळणार होतो, पण एका पायावर टाळाटाळ किती करणार? वही पिशवीत घातली. का घातली ते तेव्हा माहीत नव्हतं.

तिनं माझा पाय काढून बाकावर ठेवला आणि पट्टा सोडवायला घेतला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन.  साहेब आतल्या खोलीतून दोनदा डोकावून गेले. "त्या प्रतिनिधीचा फोन आला होता," दुसऱ्यांदा म्हणाले. "विचारतोय, ताईंचं ठरलं का." ती म्हणाली, "पाचला ठरेल." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं शब्द दिला होता, मागं लागणार नाही म्हणून, आणि ती तो पाळत होती. जुना पट्टा निघाला, नवा बसला, तिनं खिळा ठोकला. सव्वातीन झाले. माझं काम संपलं होतं. आता तिनं पाय माझ्या हातात द्यायचा आणि मी घरी जायचं.

"ताई," मी म्हणालो.  "त्यातले तेवीस दिवस मोजलेले नाहीत."

"कशातले?"

मी वही काढून दिली. टिंबं दाखवली.

ती ती पानं उलटत गेली. मग जे बोलली ते मी कधी विसरणार नाही. "इतके दिवस मी तुमच्या एका शब्दासाठी अडलेय. मला वाटलं तुम्हाला परवाना कळला नसेल, मी स्वतःला दोष देत होते की पत्र सोपं लिहिलं नाही. आणि तुम्ही हे घेऊन बसला होतात? याच्यावर मी हिशेब बांधलाय, काका! माणसांच्या पायात चाललाय तो!"

मी मान खाली घातली. एक पाय बाकावर आणि मी स्टुलावर. पळून जायचीही सोय नव्हती.

"कशानं मोजले नाहीत?"

"ताप होता. अंथरुणावर होतो."

"म्हणजे पाय घातलाच नव्हता?"

"नाही."

"अहो, पाय घातला नाही की तो सुजतो! तेव्हाच तर मोजायला हवा होता. तुम्ही भरलेल्या आकड्यांत तो रोजच्यासारखा छान आकसतोय." तिनं कपाळाला हात लावला, कपाळ पांढरं झालं. "याचा अर्थ कळतो का? आजारातून उठलेल्याला माझी लायब्ररी सांगणार, तुझा पाय नेहमीएवढाच आहे. आणि तो सुजलेल्या पायावर सॉकेट दाबून घालणार."

साडेतीन. ती संगणकापाशी गेली. तेवीस ओळी काढल्या. मी वहीतून तारखा वाचत होतो, ती खोडत होती. मध्ये एकदा मी तारीख चुकलो तेव्हा तिनं नुसतं बघितलं. मग पुन्हा सगळा हिशेब चालवला, आणि जुन्या अठरा साच्यांवर तो ताडून बघायला बसली. एकेक साचा भिंतीवरून उतरवायचा, कडं सरकवायचं, परत टांगायचा. मला उठता येत नव्हतं, मी बसल्या जागेवरून नंबर सांगत होतो. सव्वाचारला साहेब पुन्हा आले, त्यांनी बघितलं, आणि तेही साचे उतरवायला लागले. चार बत्तीसला अठरावा साचा बसला. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आतच होता.

पण तिचं संपलं नव्हतं. तिनं लायब्ररीत एक नवी सूचना घातली: आठवडाभर पाय घातला नसेल तर हा हिशेब वापरू नका, पुन्हा माप घ्या. आणि आकड्यांच्या वर माझं नाव लिहून त्याखाली: "चारशे बारा दिवसांपैकी तेवीस मोजलेले नाहीत, ते वगळले आहेत."

"हेही सगळ्यांना दिसणार?" मी विचारलं.

"दिसणार. त्यासाठीच तर एवढं चाललंय." मग म्हणाली, "तुम्हाला नको असेल तर नाव काढते. आकडे ठेवायचे की नाही तेही सांगा. अजून तुम्ही 'हो' म्हटलेलं नाही."

घड्याळात पावणेपाच. "हो," मी म्हणालो. "राहू दे नाव."

"लिहून द्या."

मी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा एकाच कागदात लिहिलं.

चार बावन्नला तिनं परवाना लावला, सौम्य कॉपीलेफ्ट, आणि पत्र आलेल्या दोन्ही ठिकाणी कळवलं. डोंगरापलीकडून लगेच उत्तर आलं, एकच शब्द: "घासते." प्रतिनिधीचा फोन पाचाला पाच कमी असताना आला. साहेबांनी तो टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"ताई, अट घातलीत," तो म्हणाला. आवाज खरंच वाईट वाटल्यासारखा होता. "अट म्हटलं की आमचे वकील मागं सरतात."

"सुधारणा दाखवायला वकील कशाला लागतो हो? तुमचा प्रोग्रॅम तुमच्यापाशीच राहतोय."

"मला कळतंय ताई. मी वर सांगतो. पण आज नाही होणार."

आज नाही झालं, आणि उद्याही झालं नाही. मशीन आलं नाही. साहेब आठ दिवस तिच्याशी फक्त कामापुरतं बोलले, एकदा माझ्यासमोर म्हणाले, "एका ओळीपायी मशीन घालवलंस."  डोंगरापलीकडची बाई पुढं चौदा महिने एका पायाला दोन दिवस घालत राहिली. ते कानसताईला लागत असे. एकदा माझा साचा घासताना आपणहून म्हणाली होती, "चुकलं असेल का हो काका माझं?" मी छताकडे बघितलं. 

चौदा महिन्यांनी कंपनीनं लायब्ररी घेतली, त्याच अटीवर, गाजावाजा न करता. त्यांनी त्यात केलेला पहिला बदल त्यांना उघडा करावा लागला. तो त्या बारीक हाडापाशीचाच होता, सहा ओळींचा. कानसताईनं तो छापून भट्टीशेजारी चिकटवला होता, आणि येईल त्याला दाखवून करवादायची, "माझ्यापेक्षा बरं लिहिलंय मेल्यांनी." टपालवाल्याचं पुढचं सॉकेट तिनं त्या सहा ओळी धरून केलं. तो खिडकीमागंच राहिला, पण बसायला-उठायला त्रास होत नाही म्हणतो.

त्यानंतर ती आजारी पडली ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारण्यातला नव्हतो. शेवटची भेटली ती धुलाईघरासमोरच्या बोळात. तिच्या हातात चादरींचं बोचकं होतं, मी काठी टेकत बाहेर निघालो होतो.

"काका, मोजे किती चढवता हल्ली?"

"सकाळी दोन. संध्याकाळी तीन."

"मोजून, की अंदाजानं?"

"मोजून."

"बरं. पुढच्या महिन्यात या, पट्टा बघू."

"येतो," मी म्हणालो.